भास्कराचार्य आणि आमच्या घराचा कर्ण

(द्वितीय वर्ष, कला)

भास्कराचार्यांसारख्या थोर गणितज्ञाचे चरित्र लिहिण्याचा अधिकार माझ्यासारख्या विद्यार्थ्याला नाही, हे मी आधीच कबूल करतो. दहावीला गणितात जेमतेम पास झालो आणि कला शाखेचा फॉर्म भरताना या विषयाला कायमचा रामराम ठोकला, याचा मला आनंदच झाला होता. असे असूनही हा लेख लिहिण्याचे धाडस मी करतो आहे, त्याला दोन कारणे झाली. एक कारण वर्गात घडले आणि दुसरे आमच्या घराच्या जागेवर.

आधी घराचे सांगतो. माझे वडील गवंडी आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दिंडोरी तालुक्यातून ते नाशिकला आले, त्याला पंचवीस वर्षे झाली. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. आजवर त्यांनी शहरात कितीतरी लोकांची घरे उभी केली. आम्ही मात्र भाड्याच्या खोलीत राहिलो. गेल्या वर्षी साठवलेले पैसे आणि आईची पोत मोडून आलेले पैसे एकत्र करून त्यांनी सातपूरच्या पुढे लहानसा प्लॉट घेतला. तिथे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असे दोन खोल्यांचे घर बांधायचे ठरले. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो.

आखणीच्या दिवशी अण्णा वाळूच्या गाडीकडे गेले आणि खुंट्या ठोकायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. रस्त्याच्या बाजूने वीस फुटांची दोरी मी ताणली. बाजूची दोरी कशी धरावी हे नक्की न कळल्याने शेजारच्या जुन्या भिंतीला समांतर धरली. मग चारही बाजू टेपने मोजल्या. पुढची वीस, मागची वीस, डावी पंधरा, उजवी पंधरा. एका इंचाचाही फरक नाही. अण्णा आल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितले की आयत झाला आहे, आता फक्की मारू. खोदाईची माणसे रोजावर आलेली होती, त्यांना बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी टेपचे एक टोक माझ्या हातात दिले आणि समोरच्या डाव्या खुंटीपासून मागच्या उजव्या खुंटीपर्यंत टेप आडवी ताणली. पंचवीस फूट सहा इंच भरले. मग दुसऱ्या बाजूने तसेच केले. चोवीस फूट सहा इंच! चारही बाजू बरोबर असताना दोन कर्णांत एक फुटाचा फरक होता. म्हणजे आमचे घर आयताकृती नव्हतेच, ते एका बाजूला कललेले होते. त्यांनी समोरची खुंटी जिथल्या तिथे ठेवली, मागच्या दोन्ही खुंट्या सुमारे साडेसात इंच बाजूला सरकवल्या, पुन्हा टेप ताणली, थोडे इकडेतिकडे केले. आणि दोन्ही कर्ण बरोबर पंचवीस फूट आले तेव्हाच फक्की हातात घेतली.

माझ्या आखणीवर पाया खोदला असता तर काय झाले असते, हे त्यांनी मला नंतर जेवताना समजावले. भिंती उभ्या राहिल्याच असत्या. पण वर टाकायचे पत्रे काटकोनी असतात, ते एका कडेला बाहेर आले असते आणि दुसऱ्या कडेला कमी पडले असते. फरशी बसवताना भिंतीलगत प्रत्येक ओळीत तिरपा तुकडा कापावा लागला असता. कोपऱ्यात कपाट कधीच नीट बसले नसते. बाजू कितीही बरोबर असल्या तरी त्या कोपऱ्याचे खरे सांगत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. असे का, हे मात्र त्यांना सांगता येईना. त्यांच्या उस्तादाने त्यांना तसे शिकवले होते आणि ते तसेच करत आले होते.

आता दुसरे कारण. यंदा मराठीच्या तासाला आद्य शिलालेखांचा विषय निघाला. त्यात सरांनी खानदेशातील पाटण येथील शिलालेखाचा उल्लेख केला. चाळीसगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील हा लेख मुख्यतः संस्कृतात असून त्याच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. हा लेख एका मठाच्या देणगीचा आहे, आणि तो मठ भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेला होता, असे सर म्हणाले. आपल्या नाशिकहून मनमाड-नांदगावमार्गे अर्ध्या दिवसात जाता येईल अशा ठिकाणाशी एवढ्या मोठ्या माणसाचे नाते आहे, हे मला ठाऊकच नव्हते. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो आणि लीलावतीचे मराठी भाषांतर काढले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. हे आपल्याला नक्की सांगता येते, कारण स्वतःचे जन्मवर्ष त्यांनीच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असल्याचेही त्यांनी सांगितले आहे. हे गाव कोणते यावर विद्वानांत मतभेद आहेत. कोणी विजापूर म्हणतात, तर पाटणच्या लेखामुळे अनेक जण ते चाळीसगावच्या परिसरात शोधतात. गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर. महेश्वर स्वतः ज्योतिषी व पंडित होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. पाटणच्या लेखात या घराण्याच्या अनेक पिढ्या दिलेल्या आहेत : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. पिढ्यान्‌पिढ्या एका घरात विद्या कशी टिकते याचे असे लेखी उदाहरण क्वचितच सापडेल. ज्यांच्या घरात पहिले पुस्तक आपल्याबरोबरच आले, अशा आमच्यासारख्यांना ती यादी वाचताना थोडा हेवा वाटतो, हे लपवत नाही.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्या भागात अंकगणित व क्षेत्रांची मापे आहेत, दुसऱ्यात बीजगणित, आणि उरलेल्या दोन भागांत ग्रहांची गती व खगोल. पुढे इ. स. ११८३ मध्ये त्यांनी करणकुतूहल लिहिले. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर होते. म्हणजे तरुणपणी मोठा ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. उतारवयातही पंचांग करणाऱ्यांचे काम सोपे व्हावे म्हणून त्यांनी पुन्हा लेखणी धरली.

त्या काळी आपल्या भागात राजकीय उलथापालथ चालू होती. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी होत होती आणि यादव वर येत होते. यादवांचे देवगिरीपूर्वीचे मुख्य ठाणे आपल्या जवळच्या सिन्नरला होते. सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. एका चौथऱ्यावर मधोमध मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांवर चार लहान देवळे, अशी त्याची रचना आहे. कोपरे साधल्याशिवाय असे बांधकाम उभे राहत नाही. तेव्हा भास्कराचार्य ज्या काळात लिहीत होते, त्या काळात या मुलखातील कारागिरांच्या हातांत काटकोनाची विद्या होतीच. खरे तर ती त्याहून फार जुनी आहे. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत दोरी ताणून काटकोन कसा काढावा हे सांगितलेले आहे, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. तीन, चार, पाच किंवा पाच, बारा, तेरा अशा जोड्या बौधायनाला ठाऊक होत्या.

मग भास्कराचार्यांनी वेगळे काय केले? माझ्या अल्पमतीला असे वाटते की, जे हातांना ठाऊक होते त्याचे कारण त्यांनी बुद्धीला पटवून दिले. लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावे आहेत. भुज व कोटी यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे कर्ण, हा नियम दिल्यावर ते उदाहरणे घालतात, आणि ती किती गमतीची आहेत! बत्तीस हातांचा वेळू वाऱ्याने मोडला, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. नऊ हातांच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी बीळ आहे, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. मोराने झडप घातली आणि दोघांची चाल सारखी, तर साप बिळापासून किती अंतरावर पकडला गेला? उत्तर पुन्हा बारा हात. शाळेत असे गणित कोणी घातले असते तर मी कदाचित आज शास्त्र शाखेत असतो.

बीजगणितात त्यांनी कर्णाचा नियम पटवून देण्यासाठी जे आकडे घेतले, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. भुज पंधरा, कोटी वीस. आमच्या घराचेच माप! पंधरा आणि वीस बाजूंचे चार काटकोन त्रिकोण असे मांडायचे की त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येऊन एक चौरस होतो. मध्ये एक लहान चौरस रिकामा राहतो, त्याची बाजू वीस वजा पंधरा, म्हणजे पाच. एका त्रिकोणाचे क्षेत्र दीडशे, चारांचे सहाशे, मधल्या चौरसाचे पंचवीस. एकूण सहाशे पंचवीस. त्याचे वर्गमूळ पंचवीस, तोच कर्ण. अण्णांच्या टेपवर जो पंचवीसचा आकडा आला होता, तो कुठून येतो हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी प्रथमच उमगले.

पण आमच्या प्रसंगाशी सर्वांत जवळचा भाग याहून पुढे, चौकोनाच्या प्रकरणात आहे. चार बाजू दिल्या म्हणजे चौकोन ठरला, असे समजणाऱ्यांवर भास्कराचार्य तेथे चांगलेच रागावले आहेत. कर्ण किंवा लंब यांपैकी एकही न सांगता केवळ बाजूंवरून क्षेत्रफळ विचारणारा, आणि त्याहून अधिक, त्याचे उत्तर देणारा, यांना त्यांनी सरळ पिशाच ठरवले आहे. कारण बाजू त्याच राहिल्या तरी चौकोनाचे कोपरे दाबले की कर्ण बदलतात, आणि कर्ण बदलले की क्षेत्र बदलते. चौकोनाची स्थिती अनियत आहे, हे ज्याला कळत नाही त्याने क्षेत्रफळाच्या वाटेला जाऊ नये, असा त्यांचा रोख आहे. ते वाचताना मला मे महिन्यातला मी आठवलो. चारही बाजू मोजून ऐटीत उभा असलेला!

याचे उदाहरणही त्यांनी दिले आहे. प्रत्येक बाजू पंचवीस असलेला चौकोन घ्या. त्याचा एक कर्ण तीस असेल तर दुसरा चाळीस येतो आणि क्षेत्र सहाशे होते. एक कर्ण चौदा घेतला तर दुसरा अठ्ठेचाळीस, आणि क्षेत्र अवघे तीनशे छत्तीस. आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तेव्हाच तो चौरस होतो व क्षेत्र सहाशे पंचवीस भरते. बाजू त्याच, पण जमीन जवळजवळ निम्मी! याच ठिकाणी त्यांनी सहा रुंद आणि आठ लांब असा समान कर्णांचा आयतही विचारला आहे. म्हणजे समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तर कोपरे काटकोनात. आमच्या अण्णांची रीत नेमकी हीच होती.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही. पुढची बाजू मोठी आणि मागची लहान, पण दोन्ही अंगांना सारखी निमुळती, अशा चौकोनाचेही कर्ण सारखेच येतात. म्हणून आधी बाजू, मग कर्ण, असा क्रम आहे. अण्णा आणखी दोन गोष्टी सांगतात. टेपला झोल राहता कामा नये. आणि जमीन उताराची असेल तर टेप उताराबरोबर न धरता पाणसळीत, म्हणजे सपाट धरून मोजावी, नाहीतर आकडा वाढून येतो. कोपऱ्यावर एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करून मधले अंतर पाच फूट येते का, हेही ते पाहतात. माझ्या चुकीच्या कोपऱ्यावर ते पाच फूट सव्वा इंच आले असते. सव्वा इंच नजरेतून सहज सुटतो. पण त्याच कोनाचा मोठा त्रिकोण घेतला की पंधरा-वीस-पंचवीसमध्ये तोच फरक सहा इंचांचा होऊन समोर येतो. म्हणून शक्य तितका मोठा त्रिकोण घ्यावा. लहान कामाला गुण्या लावला तरी चालतो, घराला मात्र कर्णच हवा.

भास्कराचार्यांची कीर्ती अर्थातच केवळ काटकोनावर उभी नाही. बीजगणितात त्यांनी चक्रवाल पद्धत अशी नेटकी मांडली की, एका वर्गाला एकसष्टने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, असे कठीण कोडे तिने सुटते. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ या जोडीचे आहे. पुढे १६५७ साली फ्रान्सच्या फर्मा या गणितज्ञाने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांच्या ग्रंथात त्याचे उत्तर पाचशे वर्षे आधीच होते. गोलाध्यायात त्यांनी आकाश मोजण्याची यंत्रे वर्णिली आहेत, आणि एवढी यंत्रे सांगून झाल्यावर सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे बुद्धी, असा निर्वाळा दिला आहे. हातात एक काठी आणि डोक्यात बुद्धी असेल तर काय मोजता येणार नाही, असा त्यांचा विश्वास होता.

त्यांच्या नावाभोवती एक दंतकथा आहे. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या घटकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी त्यांनी ग्रंथ लिहिला, अशी ती कथा. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. स्वतः भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही. कथा गोड आहे, पण ग्रंथ तिच्याशिवायही मोठाच आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ साली त्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. १८१७ मध्ये कोलब्रुकने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या आपल्या देशाच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले.

परंतु या सगळ्यापेक्षा मला मोलाचा वाटतो तो पाटणचा मठ. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, आणि नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने हा मठ काढला. निकुंभ वंशातील सोइदेवाने १२०७ च्या सुमारास त्याला देणगी दिली. लेखाचा मराठी भाग त्या उत्पन्नाचा आहे : बाजारात येणाऱ्या मालावरील करातला वाटा, गिऱ्हाइकाकडून घ्यायच्या सुपाऱ्या, घाण्यावरचे तेल. संस्कृतात स्तुती आहे आणि हिशेब मात्र लोकांच्या भाषेत आहे. तेली, वाणी, गिऱ्हाईक यांनी थोडे थोडे दिले म्हणून गणिताची शाळा चालली.

लीलावतीतला चौकोनाचा भाग मी एका रात्री अण्णांना वाचून दाखवला. पंधरा, वीस, पंचवीसची आकृती वहीत काढून समजावली. त्यांनी ती दोनदा पाहिली. बाजूंवर विश्वास ठेवणाऱ्याला पिशाच म्हटले आहे हे ऐकून ते मनापासून हसले. मग त्यांनी विचारले की, ही गोष्ट पुस्तकात एवढी जुनी असेल तर ती त्यांच्या उस्तादापर्यंत कशी आली, आणि पुस्तक मात्र त्यांच्यापर्यंत का आले नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले : हाताकडून हाताकडे आली. दुसऱ्याचे उत्तर मला देता आले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे कदाचित आपल्यासारख्यांचे काम असेल. आपल्या महाविद्यालयात असे पुष्कळ विद्यार्थी आहेत ज्यांच्या घरी सुतारकाम, लोहारकाम, शेती किंवा विणकाम चालते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांत जे आहे ते कोणत्या पुस्तकात आहे, हे शोधून त्यांच्यापुढे नेऊन ठेवावे, असे मला वाटते. माझ्याकडून गणिताचा तिरस्कार गेला, हा फायदा वेगळाच.

घर आता पुरे झाले आहे. फरशी बसवताना एकही तिरपा तुकडा कापावा लागला नाही. येत्या सुट्टीत अण्णांना घेऊन पाटणला जायचे ठरवले आहे. लेख मी वाचून दाखवीन. देवळाचे कोपरे ते पाहणार आहेत, आणि टेप बरोबर घ्यायला त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.